अम्मी-अब्बांची मुंबई

मनमाडहून गाडी पकडून आम्ही भावंडं अम्मी-अब्बांना मुंबई दाखवायला निघालो, तेव्हा घरात दोन याद्या झाल्या होत्या. आमच्या यादीत गेटवे, म्युझियम, राणीची बाग. अम्मीच्या यादीत एकच नाव, हाजी अली.

हाजी अलीची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, म्हणून आम्ही आधी ओहोटीची वेळ पाहून ठेवली. अम्मीचे गुडघे दुखत होते. तरी आमच्या खांद्यावर हात ठेवून ती दर्ग्यापर्यंत चालत गेली. दुआ मागितली ती मात्र आमच्यासाठीच.

गेटवेपाशी आम्ही वर्गात सांगतो तसं अब्बांना सांगितलं. पंचम जॉर्ज १९११ साली इथं उतरले, त्याची ही आठवण. पायाभरणी १९१३ची, काम पूर्ण झालं १९२४ला. १९४८मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच गेली. अब्बा हसले. म्हणाले, ‘‘यानी आये तब दरवाजा नहीं था. जाने के लिए बनाया!’’

चौथीत शाळा सुटलेले, मालेगावात आयुष्यभर यंत्रमाग चालवणारे अब्बा! त्याच मजुरीतून आमच्या बी.एड.ची फी भरली गेली. आम्ही सनावळ्या पाठ केल्या, त्यांनी त्यांचा अर्थ लावला.

आपल्या वस्त्यांमधल्या आईबापांचा प्रवास दवाखाना, लग्न आणि मयत यांपुरताच उरतो. हज नशिबात असेल तेव्हा घडेल, मुंबईची गाडी तर रोज आहे. त्यांचे पाय चालताहेत तोवर त्यांना घेऊन निघावं.