कुंडलिकेच्या पाण्यावर एक सकाळ

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि पौष-माघात खडकांच्या आड लपतात. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका मात्र उन्हाळ्याच्या तोंडावरही सकाळच्या वेळी खळाळताना दिसते. याचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात आहे. मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधून अडविलेले पाणी डोंगरातून आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, भिरा येथील वीजगृहात आणले जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज देऊन मोकळे झालेले पाणी पुढे कुंडलिकेच्या पात्रात उतरते. एरवी मुळा, भीमा, कृष्णा अशी वाट धरून जे बंगालच्या उपसागराला मिळाले असते, ते पाणी रोह्यावरून, रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. कोलाडचे राफ्टिंग चालते ते याच पाण्यावर, आणि पाणी सोडण्याच्या वेळेवर.

या जानेवारीत मी व माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण मोटारीने तेथे जाऊन आलो. माझे वय ६३, तिचे ६६. मी पाण्यातून गेले, ती काठाने आली. असे का ठरले आणि त्यासाठी काय काय करावे लागले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण या पाक्षिकाच्या वाचकांत माझ्यासारख्या, घरातल्या रुग्णाची दिवसरात्र देखभाल करणाऱ्या व्यक्ती पुष्कळ आहेत.

निघण्यापूर्वी

तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू अधू झाली, बोलणे अस्पष्ट झाले आणि गिळण्याची क्रिया मंदावली. तेव्हापासून एकही रात्र मी घराबाहेर काढली नव्हती. मैत्रिणीने दोन दिवसांच्या प्रवासाचा विषय काढला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या घशाचा. त्यांना पाणीसुद्धा दाट करून द्यावे लागते. जेवताना पाठ सरळ हवी, मान किंचित पुढे झुकलेली हवी, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही. हे सारे माझ्या हातांना ठाऊक होते. कागदावर मात्र कुठेच नव्हते.

मुलाने रजा घेतली. निघण्याआधीचे दोन रविवार त्याने सकाळपासून रात्रीपर्यंतचे सर्व काही स्वतः केले आणि मी शेजारच्या खोलीत बसून राहिले. पहिल्या रविवारी त्याने मला सहा वेळा हाक मारली, दुसऱ्या रविवारी एकदा. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक, कोणत्या लक्षणांवर क्षणभरही थांबायचे नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून शीतकपाटाच्या दारावर लावले. यजमानांना विचारले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने दाराकडे खूण केली. 'जा' या शब्दापेक्षा ती खूण अधिक स्पष्ट होती.

पुढचा प्रश्न आमच्या दोघींच्या प्रकृतीचा होता. माझा रक्तदाब एका गोळीने आटोक्यात आहे. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, गुडघे पाहिले, मान आणि कंबर तपासली आणि परवानगी दिली. त्यांनी जी विचारपूस केली ती प्रत्येक ज्येष्ठाने स्वतःजवळ करावी अशी आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असल्यास डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. अलीकडे मोतीबिंदूची किंवा अन्य शस्त्रक्रिया झाली आहे का? चक्कर, फिट, छातीत दुखणे, धाप यांचा त्रास आहे का? लघवी वाढविणारी गोळी आहे का? असल्यास उन्हात शरीरातील पाणी लवकर कमी होते.

मैत्रिणीचे उत्तर वेगळे आले. हाडांच्या घनतेच्या तपासणीत तिचा टी-स्कोअर उणे २.९ आहे. उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला अस्थिविरलता म्हणतात. शिवाय गेल्या वर्षीच्या क्ष-किरण चित्रात तिच्या कण्याचा एक मणका दबलेला आढळला होता. राफ्ट खडकावर आदळली किंवा लाटेवरून खाली आपटली, तर तो हिसका बैठकीतून थेट कण्याला पोहोचतो. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. दैवाची थट्टा अशी, की टिळक तलावावर लहानपणी पोहायला शिकलेली ती. आणि पाण्यात हात मारताही न येणारी मी! थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, गाडीला रस्ता आहे ना नदीच्या कडेने? तू पाण्यातून ये, मी रस्त्याने येते."

ताम्हिणीच्या वाटेने

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि कोलाड असा हा रस्ता सुमारे ११० किलोमीटरचा. आम्ही तो घाई न करता पार केला. दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे केले. बराच वेळ बसून पायांत रक्त साकळू नये म्हणून ज्येष्ठांनी हे जरूर करावे. मुळशीचा जलाशय दिसू लागला, तसे बोलणे आपोआप थांबले. या शांत पाण्याखाली माणसांची घरे आणि भातशेते गेली आहेत. ती वाचावीत म्हणून १९२१ साली येथे सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी 'सेनापती' म्हटले ते याच लढ्यात. दुसऱ्या दिवशी ज्या पाण्यावर मी खेळणार होते, त्याची किंमत कोणी दिली, हे त्या वळणावर आठवल्यावाचून राहत नाही.

संध्याकाळी कोलाडजवळच्या एका साध्या निवासात उतरलो. रायगडातला हा पोपटीचा हंगाम. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि मीठ-ओवा भरून, पाण्याचा थेंबही न घालता मडके जाळात भाजतात. शेंगा सोलता सोलता रात्र झाली. मी दोनदा घरी दूरध्वनी केला. तिसऱ्यांदा हात गेला, तेव्हा मैत्रिणीने फोन स्वतःच्या पिशवीत ठेवला.

पाण्यावर

सकाळी हलकी न्याहारी केली, रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी घेतली. काही आयोजक ठरावीक वयापलीकडच्या व्यक्तींना नेत नाहीत. त्यामुळे आम्ही आधीच वय सांगून विचारले होते. काठावर मार्गदर्शक तरुणाने मला तरंगजाकीट घातले, सारे पट्टे आवळले आणि खांद्यांपाशी धरून जाकीट जोराने वर ओढले. ते हनुवटीपर्यंत सरकले असते तर सैल ठरले असते. शिरस्त्राणाचेही तसेच. मग तो सर्वांना म्हणाला, "पाण्यात पडलात तर उभे राहायचा प्रयत्न करू नका. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा." उभे राहू पाहणाऱ्याचा पाय खडकांच्या फटीत अडकतो आणि वाहते पाणी त्याला खाली दाबते, हे त्याने हाताचा पंजा करून दाखविले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही मधल्या रांगेत बसा. मी 'खाली' म्हटलं की वल्हं आत घ्यायचं आणि दोरी धरून तळाशी बसायचं."

नदीतल्या खळाळत्या उताराला या खेळात 'रॅपिड' म्हणतात आणि त्यांची प्रतवारी १ ते ६ अशी करतात. कुंडलिकेचे रॅपिड साधारण दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीचे. सुमारे १२ किलोमीटरच्या टप्प्यात ते ठिकठिकाणी येतात. पहिल्या उतारावर पाणी अंगावर आले, ते इतके गार की श्वास एकदम आत ओढला गेला. थंड पाण्याचा असा झटका बसला की रक्तदाब क्षणभर वाढतो. हृदयविकार असलेल्यांनी सावध राहावे ते यासाठीच. मी सांगितल्याप्रमाणे तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिले. तिसऱ्या उतारावर पुढच्या रांगेतला एक महाविद्यालयीन मुलगा पाण्यात गेला. मार्गदर्शकाने त्याच्या जाकिटाचे खांदे धरून त्याला क्षणात आत ओढले. मुलगा हसत होता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

त्यानंतर पाणी संथ झाले. दोन्ही काठांवर झाडी, खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, आणि वल्ह्यांवरून ठिबकणारे पाणी. तेथे माझ्या ध्यानात आले, की अर्धा तास झाला, मी शेजारच्या खोलीची चाहूल घेत नाही. तीन वर्षे झोपेतसुद्धा माझा एक कान जागा असतो. तो कान पाण्याच्या आवाजाने भरून गेला होता. डोळे भरून आले; चेहरा आधीच ओला असल्याने कोणाला कळले नाही.

एका वळणावर काठाच्या खडकाजवळ मैत्रीण उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा कोरडा टॉवेल. ती मला शोधत होती आणि जाकिटांच्या गर्दीत मी तिला ओळखू येत नव्हते. मी वल्हे उंच केले. तिने काठी उंच केली. उतरण्याच्या ठिकाणी ती माझ्या आधी पोहोचली होती. पाय थंड पाण्यात सोडून ती अर्धा तास बसली होती, असे तिने सांगितले. आणि हेही, की नकार ऐकला त्या दिवशी फार वाईट वाटले होते, आज तितके वाटत नाही.

घरी परतल्यावर

दोन दिवस माझे खांदे दुखले, एवढाच परिणाम. घरी मुलगा थकलेला होता, पण वडिलांच्या दोन नव्या खुणांचे अर्थ त्याला कळू लागले होते. ते मलाही ठाऊक नव्हते. आता महिन्यातला एक रविवार तो देखभाल करतो आणि मी बाहेर पडते. बहुतेक वेळा मैत्रिणीकडे किंवा बागेत.

देखभाल करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: प्रत्येकाने राफ्टिंग करावे असे नाही. मात्र आपण जे हातांनी करतो ते आजच कागदावर उतरवा, घरातल्या आणखी एका व्यक्तीला आपल्या समोर ते करू द्या, आणि निदान एका दिवसाची सुटी दिनदर्शिकेवर लिहा. ज्येष्ठांच्या मुलांनाही एक विनंती आहे. आई-वडिलांनी एखादी इच्छा बोलून दाखवली तर वयाकडे बोट दाखवून थांबू नका. त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, वरचे प्रश्न विचारा. उत्तर 'हो' आले तर जाकिटाचे पट्टे नीट आवळले आहेत ना, ते पाहा. 'नाही' आले तर काठाने जाणारा रस्ता त्यांच्यासोबत शोधा.