वारा गार होता, म्हणून

मे महिन्यात आम्ही दोघं तुंगार्ली धरणाची चढण चढलो. वारा गार, घाम जाणवलाच नाही, त्यामुळे पाणीही प्यायलो नाही. वर करवंदं तोडायला खाली वाकलो, उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हिने मला आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले. "पेशंटना सांगता, स्वतः कधी ऐकणार?" पाणी देताना तिचा हात थरथरत होता.

माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. वाऱ्यात घाम लगेच वाळतो, पण शरीरातलं पाणी घटतंच. मग उठताना रक्तदाब एकदम घसरतो. तुम्हीही अशी गोळी घेत असाल तर सहलीआधी डॉक्टरांना विचारा. मनाने बंद मात्र करू नका. सोबत छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.

अर्ध्या तासाने मी तिचा हात धरून खाली उतरलो.