शब्दवेध

बंदूक हा विषय आमच्यासारख्या निवृत्त पंतोजीने लेखनास घ्यावा, हे पाहून वाचकांपैकी पुष्कळांस हसू आल्यावाचून राहणार नाही. ज्याने छत्तीस वर्षे खडू आणि छडी यांखेरीज दुसरे शस्त्र हाती धरिले नाही, आणि छडीही पुढे पुढे कपाटातच ठेवून दिली, त्याचा बंदुकीशी संबंध तो काय! त्यातून आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे जे काही पदरात पडले ते पाठशाळेत, रघुवंश आणि शाकुंतल यांच्या सहवासात. तथापि २०२२ साली गणेशविसर्जन आटोपून आम्ही उभयता अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात चिरंजीवांकडे सहा महिने राहावयास गेलो, आणि तेथे बंदुकीने आम्हांस जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून आता आमच्याने राहवत नाही.

चिरंजीवांचे घर एका लहान गावाच्या कडेला आहे. पलीकडच्या घरात एक चौऱ्याहत्तर वर्षांचे विधुर गृहस्थ एकटेच राहतात. चाळीस वर्षे त्यांनी कारखान्यात लेथवर काम केले. आमचा नातू त्यांना ‘बंदूकवाले आजोबा’ म्हणतो, म्हणून आम्हीही या लेखात त्यांना आजोबाच म्हणू. त्या देशात मुलाला दुसऱ्याच्या घरी खेळावयास पाठविण्यापूर्वी, ‘आपल्या घरी बंदूक आहे काय, आणि ती कुलपात असते काय?’ असे अनेक आईबाप विचारून घेतात. आमच्या सूनबाईंनीही तसे विचारले होते. आजोबांनी राग तर मानला नाहीच, उलट तिला घरात नेऊन पोलादी कपाट दाखविले, कुलूप स्वतःच्या हाताने ओढून पाहावयास लावले, आणि काडतुसांचे कपाट वेगळ्या खोलीत आहे तेही दाखविले. ‘ज्या आईने हे विचारले नाही, तिच्या मुलाला मी घरात घेत नाही,’ असे ते म्हणाले. आमचा अर्धा पूर्वग्रह त्याच दिवशी गेला.

उरलेला अर्धा त्यांच्या तळघरात गेला. तेथे त्यांची कामशाळा. भिंतीवर कानशी आकारमानाप्रमाणे ओळीने टांगलेल्या, मध्ये लेथ, एका बाजूस अक्रोडाच्या फळ्या, आणि सर्वत्र जवसाच्या तेलाचा वास. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करावयाच्या तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो धंदा त्यांना करावयाचा नव्हता. जुनी बंदूक विकत घ्यावी, तिचा गंज काढावा, फुटलेल्या दस्त्याऐवजी नवा दस्ता कोरावा, नळीस पुन्हा निळसर काळी झिलई आणावी, एवढाच त्यांचा छंद. आम्ही गेलो तेव्हा ते चकमकीच्या गारेने पेटणारी एक लांब नळीची बंदूक जुळवीत होते. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यात येऊन राहिलेल्या जर्मन व स्विस कारागिरांनी या जातीची बंदूक घडविली. नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम सरळ लागतो. अशा चकमकीच्या बंदुकांसाठी त्या राज्यात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा निराळा हंगाम १९७४ पासून ठेविलेला आहे.

दस्त्यावर तेलाचा हात देऊन तो वाळू द्यावयाचा, बारीक पॉलिश पेपरने घासावयाचा, पुन्हा तेल. असे ते पंधरा वेळा करीत. चापाच्या आतील एक खाच केसभर झिजलेली आढळली, तेव्हा तीन आठवड्यांचे काम बाजूस ठेवून त्यांनी तो तुकडा नव्याने केला. आम्ही म्हणालो, ‘एवढ्याशा खाचेने काय होणार?’ ते म्हणाले, ‘टीचर, एवढ्याशाच खाचेने माणूस मरतो.’ विद्यार्थ्याची ऱ्हस्वदीर्घाची चूक सोडून न देणाऱ्या आम्हांस हे गृहस्थ आपल्याच जातकुळीचे वाटले.

शिकारीविषयी मात्र आमचे मन साशंक होते. मनूने राजाच्या कामज व्यसनांत मृगयेस पहिले स्थान दिले आहे. दुष्यंताचा बाण आश्रमातील हरणावर सुटणार तोच तपस्वी आडवे येतात, हे आम्ही वर्गात किती वेळा तरी डोळ्यांत पाणी आणून शिकविले. पण कौटिल्य हा व्यवहारी पुरुष. त्याने मृगयेने व्यायाम घडतो, मेद झडतो, चलस्थिर लक्ष्यावर हात बसतो आणि भ्यालेल्या व रागावलेल्या प्राण्याचे मन कळते, असे तिचे गुणही मांडून ठेविले आहेत. आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने व जंगलतोडीने त्या राज्यातील हरणे जवळजवळ नाहीशी झाली होती. १८९५ साली राज्याने शिकारीच्या नियमनासाठी आयोग नेमला आणि १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली. पुढे १९३७ साली केंद्राने असा कायदा केला की, शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडेच जावा. शिकाऱ्यांनी हा कर आनंदाने मानला. त्या कायद्याच्या मागे दोन्ही पक्षांची माणसे होती, हे सांगताना आजोबांचा आवाज जरा उंच झाला, आणि लगेच खाली आला.

तो का खाली आला, हे आम्हांस ऑक्टोबरात कळले. एके दिवशी रात्रीच्या जेवणास बसलो असता इयत्ता दुसरीत जाणारा आमचा नातू सहज म्हणाला, ‘आजोबा, आज आम्ही अंधारात कपाटामागे न बोलता बसण्याचा सराव केला. मी मुळीच हललो नाही.’ कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर काय करावे, त्याचा तो सराव होता. पोराला आपल्या शहाणपणाची शाबासकी हवी होती. आमच्या कुटुंबाने भाताचा घास तसाच पानात ठेविला. आम्ही छत्तीस वर्षांत वर्गाचे दार लाविले असेल ते पावसाच्या झडीकरिता किंवा बाहेरच्या बँडबाजाकरिता. मुलांना लपविण्याकरिता दार लावावयाचे, ही कल्पनाच आम्हांस असह्य झाली. रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून आम्ही तडक आजोबांकडे गेलो आणि आमच्या मोडक्या इंग्रजीत त्यांना फार कठोर बोललो. तुमच्या या छंदापायी लेकरांना अंधारात बसावे लागते, असेही बोलून गेलो.

आजोबांनी हातची कानस खाली ठेविली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी जी हकीगत सांगितली, ती ऐकून आम्हांस आमच्या बोलण्याची लाज वाटली.

तारुण्यापासून त्यांचे नाव मतदारयादीत रिपब्लिकन म्हणून नोंदलेले होते. परंतु कारखान्यात संघटनेचे सभासद असल्याने डेमोक्रॅटिक पक्षाविषयीही त्यांना आपलेपणा होता. तो एप्रिल २००८ मध्ये तुटला. अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या बराक ओबामा यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील देणगीदारांपुढे पेनसिल्व्हेनियातील लहान गावांविषयी बोलताना म्हटले की, कामधंदे गेल्याने कडवटलेले हे लोक बंदुकीला नाहीतर धर्माला चिकटून बसतात. ‘माझ्या बापाने मला दिलेली बंदूक त्यांना रोगासारखी दिसली,’ आजोबा म्हणाले.

आपल्या पक्षावरचा विश्वास उडाला तो पाच वर्षांनी. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातील न्यूटाऊन येथील प्राथमिक शाळेत वीस बालके आणि सहा मोठी माणसे गोळ्यांनी मारली गेली. तेव्हा आजोबांच्याच राज्याचे रिपब्लिकन सेनेटर पॅट टूमी आणि वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सेनेटर ज्यो मँचिन यांनी मिळून सूचना आणिली की, बंदुकांच्या जत्रांत व इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीतही घेणाराची चौकशी व्हावी. आजोबांना वाटले, हे तर आपण आपल्या तळघरात जन्मभर करीत आलो! त्यांनी पक्षाच्या कचेरीला पत्रे लिहिली, मित्रांकडून लिहविली. १७ एप्रिल २०१३ रोजी सूचनेच्या बाजूने ५४ आणि विरुद्ध ४६ मते पडली; पण तेथील नियमाप्रमाणे ६० मते हवी होती, म्हणून ती पडली. विरोधात बहुतेक रिपब्लिकन होते, आणि थोडे डेमोक्रॅटही होते. ‘त्या आठवड्यात मला टपालाने चार पत्रे आली,’ आजोबा म्हणाले, ‘दोन एका बाजूची, दोन दुसऱ्या बाजूची. एक म्हणे तुमची बंदूक जाणार, पैसे पाठवा. दुसरे म्हणे तुमची मुले मरणार, पैसे पाठवा. त्या दिवशी मी पक्षातून नाव काढून टाकले.’

नाव काढण्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. त्या राज्यात पक्षाचा उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्या त्या पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांसच मत देता येते. म्हणजे जो दोघांवरही रुसला, त्याला ताटात काय वाढावे हे विचारीतच नाहीत. वाढलेले मुकाट्याने खावे. गॅलप संस्थेच्या पाहणीत २०२३ साली ४३ टक्के अमेरिकनांनी आपण कोणत्याच पक्षाचे नाही असे सांगितले. म्हणजे आजोबा एकटे नव्हेत. जून २०२२ मध्ये, टेक्सासातील युवाल्डी येथे एकोणीस बालके व दोन शिक्षिका बळी पडल्यानंतर, दोन्ही पक्षांनी मिळून एक लहानसा कायदा केलाही, हे आमच्या चिरंजीवांनी त्यांस सांगून पाहिले. आजोबा म्हणाले, ‘चांगले झाले. पण खाच झिजली आहे हे कळल्यावर मी तीन आठवडे घेतले. यांनी साडेनऊ वर्षे घेतली.’

नोव्हेंबरात निवडणूक आली. टूमी निवृत्त होत होते, आणि त्यांच्या जागेसाठी अतोनात पैसा ओतला गेला. दूरदर्शनवर दर पाच मिनिटांनी एक उमेदवार दुसऱ्यास राक्षस ठरवी. आम्ही अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून रात्री जागविलेले. म्हणून ८ तारखेस आजोबांबरोबर मतदानकेंद्राच्या दारापर्यंत गेलो. परत येताना ते म्हणाले की, छापील नावे सोडून आपल्या पसंतीचे नाव लिहिण्याची तेथे सोय आहे, आणि सेनेटच्या जागेपुढे आपण आपल्या स्वर्गवासी पत्नीचे नाव लिहून आलो. ‘ती मला कधी खोटे बोलली नाही,’ एवढेच कारण त्यांनी दिले. आम्ही मनात म्हटले, मत वाया गेले. पण तोंडाने तसे म्हणवेना.

२६ नोव्हेंबरास हरणांचा हंगाम उघडला. पहाटे अंधारातच त्यांची गाडी गेली. अंगावर नारिंगी रंगाचे जाकीट व टोपी. डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कापड दिसलेच पाहिजे, असा नियम आहे. संध्याकाळी ते परतले ते रिकाम्या हातांनी. आम्हांस मनातून बरेच वाटले. ते म्हणाले, ‘झुडपात काहीतरी हलत होते. हरीणच असावे. पण मला ते दिसले नाही, म्हणून चाप ओढला नाही.’

तेव्हा आम्ही त्यांना दशरथाची कथा सांगितली. शरयूच्या तीरी अंधारात घागर बुडबुडली, राजाने हत्ती समजून शब्दवेधी बाण सोडिला, आणि आंधळ्या आईबापांचा एकुलता एक श्रावण पडला. आजोबा डोळे न हलविता ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘राजाला पहिला धडाच कोणी शिकविला नव्हता. आवाजावर गोळी झाडावयाची नाही. आधी पाहावयाचे.’ चाळीस वर्षे ही कथा सांगताना आम्ही दैव, शाप, पुत्रशोक यांवर बोललो; राजाने आधी पाहावयास हवे होते, हे साधे वाक्य आम्हांस कधी सुचले नाही. शब्दवेध ही आम्ही धनुर्विद्येची पराकाष्ठा म्हणून शिकवीत आलो, ती या लेथवाल्याच्या लेखी केवळ निष्काळजीपणा ठरली!

त्या रात्री आम्हांस वाटले, दोन्हीकडचे पक्ष आता शब्दवेधीच झाले आहेत. कोठे आवाज उठला की बाण सुटलाच; तेथे हत्ती आहे की पाणी भरणारे पोर, हे पाहावयास कोणाला सवड नाही. एकास प्रत्येक बंदूकवाला खुनी दिसतो, दुसऱ्यास चौकशी करा म्हणणारा प्रत्येक मनुष्य चोर. आणि जे आंधळे आईबाप काठावर बसून राहतात, त्यांच्याकडे पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणी फिरकत नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही अमेरिकेचे दोन पक्ष म्हणजे तराजूची दोन पारडी असे सांगत असू. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निरोप घेताना पक्षाभिमानाविषयी देशास बजावले होते, हे त्याच पाठात होते. ते आम्ही परीक्षेत येणार नाही म्हणून गाळीत असू. आमच्याकडील पक्षांची गेल्या काही वर्षांतील फाटाफूट व मोडजोड पाहता आम्हीही कोणाला हसण्याच्या योग्यतेचे राहिलो नाही.

मार्चच्या आरंभी आम्ही निघालो. हंगामात पुढे त्यांना एक हरीण मिळाले होते; त्यातील मांस, शिकाऱ्यांकडून घेऊन गरिबांस पोचविणारी एक संस्था तेथे १९९१ पासून आहे, तिला त्यांनी दिले. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्याकडे ते सफरचंदे घेऊन आले. निरोपाच्या दिवशी त्यांनी एक कागदात गुंडाळलेली वस्तू हाती दिली. बंदुकीच्या दस्त्यातून उरलेल्या अक्रोडाच्या लाकडाची, पोथी ठेवण्याची घडीची घडवंची होती ती. चिरंजीवांकडून माप विचारून त्यांनी ती केली होती. हात फिरविला तर पंधरा वेळा दिलेले तेल बोटांस कळत होते.

ती घडवंची आता आमच्या देवघरात आहे. तिच्यावर रामायणाची पोथी ठेवून आम्ही अयोध्याकांड उघडतो, तेव्हा मन पेनसिल्व्हेनियाकडे जाते. नातू आता पाचवीत आहे. त्याला अजूनही वर्षातून काही वेळा अंधारात बसावे लागते. तो न हलता बसतो, असे सूनबाई कळवितात. ईश्वर करो, आणि त्याच्यावर तो सराव उपयोगात आणण्याचा प्रसंग कधी न येवो. असो.