पगार आधी तुझ्या हाती येऊ दे

चि. माऊ,


परवा फोनवर अडखळत विचारलंस, "मावशी, पगाराचं खातं बदललं तर ऑफिसात कारण विचारतील का?" त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं होतं, म्हणून लिहायला बसले. कारण कुणी विचारत नाही. मी पगारपत्रकं करायचे तेव्हा असे अर्ज नेहमीच यायचे. कुणाची बदली झालेली असायची, कुणाला कर्जासाठी दुसरी बँक हवी असायची. आम्ही सही जुळवायचो, खाते क्रमांक दोनदा तपासायचो आणि पुढच्या कामाला लागायचो.

तुझी खरी धास्ती घरातली आहे, हे मला कळतं. खातं तुम्हा दोघांच्या नावावर, पण मोबाइल नंबर जावईबापूंचा. पगार जमा झाल्याचा मेसेज त्यांना येतो, ओटीपी त्यांना येतो, कार्डही त्यांच्याच पाकिटात. साध्या चपला मागवायच्या तरी तुला ओटीपी मागावा लागतो आणि त्याआधी "कशाला?" ऐकावं लागतं. ते वाईट नाहीत, असं तू पुन्हा पुन्हा सांगितलंस. मला ते पटतं. पण माणूस कितीही चांगला असला, तरी स्वतःच्या कमाईसाठी त्याची परवानगी का मागावी?

मजुरी कमावणाऱ्यापर्यंत पोचते की वाटेतच अडते, ही काळजी जुनीच आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी पठाण सावकार वसुलीला उभे असत. मालक पगार लांबवत, दंड लावून कापत. व्हिटले आयोगाने १९३१ साली कामगारांची ही परवड मांडली आणि १९३६ साली वेतनाचा कायदा आला. मजुरी ठरल्या मुदतीत द्यायची, रोख द्यायची, मनमानी कपात करायची नाही. पुढे १९७६ साली कामगाराची लेखी संमती असेल तर चेकने किंवा बँकेतून पगार देण्याची मुभा मिळाली आणि २०१७ साली त्या संमतीचीही अट गेली. बँकेमुळे सोय झाली, लबाडीला आळा बसला. पण रोख पगाराचं पाकीट निदान आधी कमावणारीच्या हातात पडायचं. थेट जमा होणारा पगार मात्र खातं ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती पडतो. म्हणून कुठलं खातं, हा प्रश्न मोठा आहे.

कायदा तुझ्या बाजूने आहे. हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने १९५६ पासून बाईने स्वतःच्या कौशल्याने आणि कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिचीच मानली आहे. आणि पैसा स्वतःच्या खात्यात आल्याने काय होतं, तेही पाहिलं गेलंय. मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात रोजगार हमीची मजुरी घरच्या पुरुषाच्या खात्यात जायची. काही गावांत ती बायकांच्या स्वतःच्या खात्यात वळवली आणि खातं वापरायला त्यांना शिकवलं. अर्थतज्ज्ञ रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की त्या बायका जास्त काम करू लागल्या, योजनेबाहेरचंसुद्धा.

आता कामाचं. जुन्या खात्यातून नाव काढण्याच्या भानगडीत पडू नकोस, त्याला दोघांच्या सह्या लागतात. फक्त तुझ्या नावावर नवं खातं उघड आणि त्याला तुझाच मोबाइल नंबर दे. रद्द केलेला चेक जोडून ऑफिसात बदलाचा अर्ज दे. पगारपत्रक महिना संपायच्या बरंच आधी बंद होतं, त्यामुळे शेवटची तारीख विचारून घे. खात्रीसाठी ऑफिसातून फोन आला तर दचकू नकोस. दुसऱ्याच्या नावाने ईमेल पाठवून पगार वळवणारे भामटे असतात, म्हणून विचारतात.

नव्या खात्यात पहिला पगार दिसेपर्यंत जुनं खातं चालू ठेव. घरकर्जाचा हप्ता तिथूनच कापला जातो ना? मग तुझ्या वाट्याची रक्कम हप्त्याच्या आधी तिथे जाईल अशी कायमची सूचना नव्या बँकेला देऊन ठेव. हप्ता परत गेला तर दंड बसतो, सिबिलही बिघडतं. पीएफ आणि आयकर परताव्यासाठी नोंदवलेलं खातं यामुळे आपोआप बदलत नाही, ते वेगळं बदलावं लागतं.

जावईबापूंना अर्ज देण्याआधीच सांग. विचारू नकोस, सांग. घरखर्चात माझा वाटा अमुक, दर महिन्याला अमुक तारखेला येईल, असं आकड्यासकट बोल. तू घरातून अंग काढून घेत नाहीस, तुझा वाटा तू स्वतःच्या हाताने देणार आहेस, एवढं त्यांना कळलं पाहिजे. समंजस माणूस आधी रुसेल, मग हिशेबाला बसेल. आणि रुसवा सोडून दमदाटी सुरू झाली, तर गप्प बसू नकोस. बाईचा पैसा अडवून धरणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ मानला आहे. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे आणि आमचं दार तर तुला कधीच बंद नाही.

खातं उघडायला सोबत हवी असेल तर कळव, मी येते. पण फॉर्म तू भर आणि वाचून सही कर.

तुझी,
मावशी