दात दाखवायला बुलढाणा!

वीकेंडला पुण्याची पब्लिक कुठे जाते? लोणावळा, महाबळेश्वर, फार तर अलिबाग. आणि मी कुठे गेले, सांगा बघू? बुलढाण्याला! तेही दात दाखवायला. ऑफिसमध्ये हे सांगितल्यावर टीममधल्या एकीने अगदी निरागसपणे विचारलं, "ते नक्की कुठे आलं गं?" तिचा तरी काय दोष? जिल्ह्याचं ठिकाण असून तिथे आजही रेल्वे जात नाही. मलकापूरला उतरायचं आणि मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा. नाहीतर माझ्यासारखं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जालना, देऊळगाव राजा, चिखली करत सकाळी अंग आंबवून उतरायचं.

मला मात्र या गावात पत्ता विचारावा लागत नाही. २०१३-१४चं अख्खं वर्ष मी इथल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत काढलंय. ड्रॉप घेऊन!

आमची बॅच म्हणजे परीक्षेचे गिनिपिग. आम्ही बारावीला आणि देशात पहिल्यांदाच नीट. ५ मे २०१३. १८० प्रश्न, बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर एक वजा. पेपर झाला, निकाल लागला आणि जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने नीटच रद्द ठरवली. २०१४ला महाराष्ट्रात पुन्हा सीईटी. (२०१७पासून मात्र राज्याच्या जागांसाठीही नीटच आहे.) पैसेवाली मुलं लातूरला गेली, त्यांच्या खालोखालची अकोल्याला. आम्ही उरलेले बुलढाण्यात. थंड हवेचं गाव, अभ्यासाला बरं, असं बाबांनी स्वतःचं आणि माझं समाधान करून घेतलं.

खोलीत आम्ही दोघी. मला एमबीबीएस हवं होतं, कारण सगळ्यांनाच ते हवं असतं. माझ्या रूम पार्टनरला डेंटल हवं होतं. फर्स्ट चॉइस! आम्हाला हा जोकच वाटायचा. कारण डेंटलची वेगळी परीक्षा नसतेच. परीक्षा एकच, फॉर्म एकच. एमबीबीएस हुकलं की माणूस डेंटलला जातो. मुद्दाम डेंटलसाठी अभ्यास कोण करतं? ही करायची. पचनसंस्थेच्या धड्यातलं दातांचं सूत्र तिने भिंतीवर मोठ्या आकड्यांत चिकटवलं होतं : २१२३ वर २१२३. मी म्हणायचे, "कोणाचा फोन नंबर आहे गं हा?"

तर सकाळी सात वाजता मी त्याच घरासमोर उभी. घरमालकीण मावशींनी मला वरून खाली पाहिलं. "काहून वं पोरी, पुण्यात जेवाले भेटत नाही का?" मग चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. वरच्या खोलीत आता नीटवाल्या दोन मुली राहतात. आमच्याकडे झेरॉक्सचे गठ्ठे असायचे, यांच्याकडे मोबाइलवर लेक्चर्स. बाकी तेच : खिडकीत वाळणारे सॉक्स, भिंतीवर टाइमटेबल आणि डोळ्यांखाली काळं. मी भाव खात दातांचं सूत्र म्हणून दाखवलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "ताई, तो चॅप्टर आता नीटला नाहीये." खरंच! २०२४पासून पचनसंस्थेचा धडाच अभ्यासक्रमातून गेलाय. ज्या परीक्षेतून डेंटिस्ट होतात, तिच्यात दातांचा धडा नाही. कमाल आहे बॉस!

दोघींपैकी धाकटी म्हणाली, "आता इथेच मेडिकल कॉलेज आहे." २०२४मध्ये बुलढाण्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर जागांचं. तिने 'इथेच' हा शब्द असा काही उच्चारला, की मी पटकन विषय बदलला. तेवढ्याच आशेने मीही त्या खिडकीत बसायचे.

संध्याकाळी राजूर घाटाच्या तोंडाशी गेले. टेस्टमध्ये मार्क कमी पडले की आम्ही दोघी तिथे जायचो. रडायला जागा मोठी लागते, आणि तिथून खालचा सगळा मलकापूरकडचा सपाट मुलूख दिसतो. सीईटीच्या निकालानंतरही आम्ही तिथेच गेलो होतो. माझे मार्क तिच्यापेक्षा नऊने जास्त होते. हे नऊ मार्क मी आजही विसरलेली नाही. प्रेफरन्स भरताना मी फक्त एमबीबीएस भरलं. डेंटलचा रकाना कोरा. 'दातांची डॉक्टर' म्हणवून घ्यायला मला कमीपणा वाटत होता. राज्य सरकारची डेंटल कॉलेजं तेव्हा तीनच : मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. तिने नागपूर एक नंबरला टाकलं आणि तिला ते मिळालं. मला काहीच मिळालं नाही. मग बीएस्सी, मग एक कोर्स, मग हिंजवडी.

दुसऱ्या दिवशी एसटीने मेहकर. शारंगधर बालाजीच्या या गावात तिचा दवाखाना आहे. रविवार असूनही बाकड्यावर सात-आठ जण. मी कोपऱ्यात बसून बघत होते. माझ्याहून लहान असेल असा एक मुलगा आत आला. ती म्हणाली, "आ कर." उभी तीन बोटं तोंडात जायला हवीत. त्याची जेमतेम दीड गेली. खर्रा! गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच. सुपारीने तोंडाची आतली कातडी आखडत जाते, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर व्हायचा धोका असतो. ती त्याच्यावर ओरडली नाही. त्याच्या आईला आत बोलावलं, आरसा हातात दिला आणि पांढरे पडलेले पट्टे एकेक करून दाखवले. पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. "हे आधी करायचं. दात नंतर बघू."

माझा नंबर शेवटी लागला. रूट कॅनाल, पहिलं सिटिंग. भुलीच्या इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर व्हायच्या आत मी बोलून घेतलं, "तुला माहितीये ना, माझे नऊ मार्क जास्त होते?"

"माहितीये," ती म्हणाली. "त्या दिवशी घाटात मी तुला म्हटलं होतं, डेंटल भर. तू हसलीस."

मला हे अजिबात आठवत नव्हतं.

"आता तोंड उघड."

पैसे तिने घेतले नाहीत. म्हणाली, "लोणारला जाऊन ये, मग घरी जेवायला ये." लोणार तिथून जवळच. उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात झालेलं विवर, जवळपास १.८ किलोमीटर रुंद, आत खारं, अल्कधर्मी पाणी. जून २०२०मध्ये हे पाणी चक्क गुलाबी झालं होतं. ती करामत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची, हॅलोआर्किआंची. 'हॅलोफाइल्स खाऱ्या पाण्यात राहतात' हे वाक्य मी त्या वर्षी शंभर वेळा तरी घोकलं असेल. त्यांचं तळं आपल्याच जिल्ह्यात आहे, हे माहीत असून एकदाही बघायला आले नव्हते. वेळ वाया जाईल म्हणून!

काठावर बसून मी मावशींच्या त्या दोन मुलींना तळ्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "एक रविवार काढा. आणि फॉर्मचा एकही रकाना दुसऱ्याला काय वाटेल म्हणून कोरा सोडू नका." मोठीचं उत्तर लगेच आलं, "ताई, उद्या टेस्ट आहे."

पंधरा दिवसांनी पुढचं सिटिंग आहे. पुण्यात गल्लोगल्ली डेंटिस्ट आहेत, हे मलाही माहितीये. तरी तिकीट काढलंय.

जायचं असेल तर...
जवळचं रेल्वे स्टेशन मलकापूर. गाडीने येणार असाल तर समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून जातो. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, ते चुकवू नका. शेगावही याच जिल्ह्यात. विवरात उतरायचं असेल तर चांगले बूट घाला.