गोड दह्याचा डबा

पालकभेटीचा रविवार हा निवासी शाळेतील सणच असतो. सकाळच्या पहिल्या एस.टी.पासून आईवडील येऊ लागतात आणि झाडांच्या सावलीत पिशव्या उघडल्या जातात. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी, ऊसतोडीचा हंगाम संपवून आलेल्या एका मातेने पाचवीतील आपल्या लेकीपुढे फळांच्या स्वादाच्या गोड दह्याचे चार डबे ठेवले. गार राहावेत म्हणून तिने ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. आम्ही जवळ गेलो आणि मास्तरी आवाजात म्हणालो, “ताई, ही नुसती साखर आहे. असले काही आणत जाऊ नका.”

ती मान खाली घालून म्हणाली, “सर, आमच्या लहानपणी दही बघायलाबी मिळालं नाही. हिला तरी मिळू द्या.”

त्या रात्री आम्हांस आमचे बालपण आठवले. आमची आई वाड्यावर शेणगोठा करी आणि मोबदल्यात ताक मिळे. ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे म्हणतात. आमच्या आईला भांडे लपवण्याची मुभाच नव्हती; ते उंबऱ्याबाहेर ठेवून तिला दूर उभे राहावे लागे आणि वरून ताकाची धार पडे. पुढे इतिहास शिकताना बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या ग्रंथात चकवारा गावची हकीकत वाचली. जयपूर संस्थानातील त्या गावी अस्पृश्यांनी जेवणावळीत तूप वाढले, एवढ्या कारणावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. अशा इतिहासातून आलेल्या मातेने स्वतःच्या घामाच्या पैशाने दह्याचे डबे आणले होते. चारचौघांत तिला खाली पाहायला लावले, ही आमची चूक होती.

पण साखर कोणाचा इतिहास पाहत नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यावरील बारीक अक्षरे आम्ही वाचली. १०० ग्रॅम दह्यात १५ ग्रॅम साखर होती. त्यात दुधाची स्वतःची साखर ४ ते ५ ग्रॅम. उरलेली सुमारे १० ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे, वरून घातलेली. अशी वरची साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांखाली ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. दिवसाला १५०० उष्मांक घेणाऱ्या मुलास ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम. एका डब्यात त्यातला निम्मा वाटा संपतो. चहा आणि बिस्किटे अजून बाकीच असतात.

पुढच्या पालकभेटीला आम्ही प्रथम त्या ताईंची क्षमा मागितली. मग मुलांच्या हाती रिकामे डबे आणि बिस्किटांची वेष्टने दिली. मुलांनी ती आपल्या पालकांना वाचून दाखवली आणि फळ्यावर चमच्यांचा हिशेब मांडला. ताईंची लेक म्हणाली, “आई, तू तोडलेल्या उसाचीच साखर आहे ही.” सारे हसले, ताईही हसल्या.

तेव्हापासून वसतिगृहात रात्री दुधाला विरजण लागते आणि दुपारी साध्या दह्यात केळ्याच्या किंवा पपईच्या फोडी घालून मुलांना दिल्या जातात. दह्याची प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, गोडी फळाची असते. गूळ घातला, तर तोही आम्ही साखरेच्याच हिशेबात धरतो. सुरुवातीला मुलांनी तोंडे वाकडी केली. महिनाभरात वाटी चाटून पुसू लागली. ताई पुढे भाजलेले शेंगदाणे आणि केळी आणू लागल्या. लेकीच्या वाढदिवशी मात्र गोड दह्याचा एक डबा असेच. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

पालकहो, आपल्या समाजाला अक्षर फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून मिळाले. ते डब्याच्या मागे कितीही बारीक छापलेले असो, वाचल्याशिवाय तो डबा लेकरांच्या हाती देऊ नका. आपण काय खावे, हे एके काळी वाडा ठरवीत असे. आता ते जाहिरातीने ठरवू नये.