दोन नद्या, दोन आमरी

नरसोबाच्या वाडीला आपण जातो ते दत्तदर्शनासाठी. नद्या पाहायला म्हणून मुद्दाम कोण जातो? पण घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसावे आणि कृष्णा-पंचगंगेला माहेरची खबर विचारावी. ती खबर आज तितकीशी बरी नाही.

कृष्णा येते महाबळेश्वराहून. शेजारच्या पाचगणीचे नाव एका दुर्मिळ रानफुलाला, आमरीला, मिळाले आहे : हॅबेनेरिया पंचगणिएन्सिस. ज्यांना इंग्रजीत ऑर्किड म्हणतात, त्या आमरी. हे नामकरण फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी केले; मुंबई इलाख्यातील आमरींवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ साली निघाला. ही आमरी जमिनीवरची. कंद मातीखाली निजलेला, पावसाळ्यात तेवढा कोंब वर येतो. उन्हाळ्यात तिथे घराचा पाया खणला तर काय गमावले, हे खणणाऱ्याला कळतही नाही.

पंचगंगा येते सह्याद्रीतून. तिला मिळणाऱ्या भोगावतीकाठी राधानगरी-दाजीपूरचे रान आहे; १९५८ पासून अभयारण्य, २०१२ पासून जागतिक वारसा. तिकडच्या झाडांवर पावसाच्या तोंडाशी ‘सीतेची वेणी’ फुलते. जांभळट-गुलाबी ठिपक्यांचा लोंबता गजराच! लोक तिला खुशाल बांडगूळ म्हणतात. मी मराठीचा मास्तर. शब्दाचा हा अन्याय मला सोसवत नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषते. ही झाडाकडे फक्त बसायला जागा मागते. अन्न स्वतः करते, पाणी मुळांनी पावसातून, दमट हवेतून टिपते.

आमरीचे बी धुळीसारखे बारीक. त्याच्यापाशी स्वतःची शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीने भरवले तरच ते रुजते. म्हणून जुना वृक्ष तोडून दहा रोपे लावली, तरी मोडलेला संसार लगेच उभा राहत नाही. रानातल्या आमरींच्या परदेशी व्यापारावर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. पण गावच्या कुऱ्हाडीला आणि हौशी पाहुण्याच्या हाताला ते कसे आवरणार?

वाडीत औदुंबरावर कुऱ्हाड उचलायची कोणाची छाती नाही. देवराया टिकल्या त्याही अशाच धाकाने. तेवढी माया रानातल्या बिननावाच्या झाडाला मिळाली, तर सीतेची वेणी आपोआप राहील. वाचकहो, आमरी उपटून घरी आणू नये, तिला भेटायला जावे. घरी न्यायला वाडीचे पेढे आहेतच!